परिचारिकेची पदवी आणि घराजवळचे कॉलेज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



 चिटणीसबाई निमंत्रण द्यायला घरी आल्या, तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, काही आरोग्यावर बोला. मुलांची पथ्ये सांगा, मधुमेहाचे सांगा." पथ्यांवर मी आपल्याकडे दोनदा बोलले आहे, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी आपण सर्वजणींनी लाडू कसे खाल्लेत तेही पाहिले आहे. तेव्हा आज पथ्यांची गोष्ट नको. आज मला एका निराळ्या प्रश्नावर बोलावयाचे आहे. तो वरवर पाहता सातासमुद्रापलीकडचा आहे. परंतु आपल्या आळीतल्या निदान चार घरांशी त्याचे नाते आहे, असे मला वाटते. प्रश्न असा, की परिचारिकेची पदवी द्यायची कोणी? ती फक्त मोठ्या विद्यापीठाने द्यावी, की घराजवळच्या, कमी फीच्या, साध्या कॉलेजालाही ती देता यावी? अमेरिकेत या प्रश्नावर गेली पंचवीस वर्षे वाद चालू आहे.

मी छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, हे आपल्याला ठाऊक आहेच. मुलगी कॅलिफोर्नियात राहते. तिच्याकडे तीन खेपा माझे जाणे झाले, आणि दर खेपेला पाच-पाच महिने राहिले. जावई आणि लेक कामावर गेली, की घरात मी एकटी. शेजारी एक नर्सबाई राहात, त्यांच्याशी ओळख झाली. धंदा एक म्हटल्यावर ओळखीला वेळ लागत नाही. त्यांच्यामुळे हा प्रश्न मला प्रथम कळला, आणि मग मी त्याविषयी मिळेल ते वाचीत गेले.

आधी ही कम्युनिटी कॉलेजे म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे या नावाने नेमके काही डोळ्यांपुढे येत नाही. इलिनॉय राज्यात जॉलिएट नावाचे गाव आहे. तेथे १९०१ साली एक ज्युनिअर कॉलेज निघाले. सरकारी पैशावर चालणारे असे ते पहिले कॉलेज समजतात. कल्पना अशी, की पदवीची पहिली दोन वर्षे मुलांनी आपल्याच गावात राहून करावीत, आणि पुढची दोन विद्यापीठात जाऊन करावीत. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, शिकू इच्छिणाऱ्यांची गर्दी झाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली शिफारस केली, की अशी कॉलेजे देशभर गावोगाव निघावीत आणि ती आसपासच्या सर्व लोकांच्या उपयोगी पडावीत. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत.

लेकीच्या घराजवळचे कॉलेज मी पाहिले आहे. दगडी इमारत नाही, मनोरा नाही. बैठ्या इमारती, आणि पुढे गाड्या लावण्याचे भले मोठे पटांगण. परंतु संध्याकाळी सहा वाजता तेथे जाऊन पाहावे! दुकानात काम करून आलेल्या बाया, शेतावरून आलेले पुरुष, चाळिशी उलटलेल्या आया, सगळे वह्या घेऊन वर्गात बसलेले. एक आजीबाई तर इंग्रजी शिकायला येत. फीही तशीच बेताची. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला तेथे दर युनिटमागे ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा दर चालू आहे. युनिट म्हणजे, ढोबळ मानाने, आठवड्याला एक तासाचा पाठ, एका सत्रापुरता. गरिबाला त्यातही माफी मिळते. तेथील विद्यापीठांची फी ऐकली म्हणजे आपल्याला घेरी येते. त्या मानाने हे म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या वाचनालयाची वर्गणी!

आता या कॉलेजात परिचारिकांचे शिक्षण कसे शिरले, ते पाहू. पूर्वी अमेरिकेतही नर्सिंग शिकायचे ते इस्पितळाच्या शाळेत. तीन वर्षे राहायचे इस्पितळाच्या वसतिगृहात, आणि शिकण्यापेक्षा राबायचे अधिक. विद्यार्थिनी म्हणजे फुकटची कामकरीण, असाच बहुतेक हिशेब असे. आम्हा जुन्या बायकांना हे निराळे समजावून सांगायला नकोच! महायुद्धानंतर परिचारिकांची टंचाई भासू लागली. त्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मिल्ड्रेड माँटॅग नावाच्या विदुषीने आपल्या प्रबंधात एक योजना मांडली. १९५१ साली तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला. त्यांचे म्हणणे असे, की इस्पितळाची चाकरी बाजूला ठेवून शिक्षणाला शिक्षणासारखे वागवले, तर रुग्णाच्या रोजच्या शुश्रूषेला लागणारी परिचारिका दोन वर्षांत तयार करता येईल, आणि तीही ज्युनिअर कॉलेजात. १९५२ पासून पाच वर्षे सात कॉलेजांत आणि एका इस्पितळात त्यांनी हा प्रयोग करून दाखवला. त्या विद्यार्थिनी परवान्याच्या परीक्षेला बसल्या आणि चांगल्या पास झाल्या. मग काय, गावोगावच्या कॉलेजांनी हा वर्ग उघडला.

भगिनींनो, या एका गोष्टीने काय झाले, त्याचा विचार करा. इस्पितळाच्या शाळेत लग्न झालेल्या बाईला बहुधा प्रवेशच नसे. गावच्या कॉलेजात कोणी मंगळसूत्र विचारीत नाही. त्यांच्याकडे अंगठी असते म्हणा! मूल सांभाळून, घर सांभाळून, चाळिशीतली बाई परिचारिका होऊ लागली. पुरुषही येऊ लागले. ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशा घरांतल्या मुली पांढऱ्या पोशाखात दिसू लागल्या.

पण गंमत अशी, की माँटॅगबाईंच्या मनात दोन प्रकारच्या परिचारिका होत्या. एक चार वर्षे शिकलेली, पदवीधर, जबाबदारीची. दुसरी दोन वर्षे शिकलेली, तिच्या देखरेखीखाली काम करणारी. प्रत्यक्षात सरकारने परवान्याची परीक्षा सर्वांना एकच ठेवली. परीक्षा एक, परवाना एक, अंगावरचा पोशाख एक. आणि रात्रपाळीला चार रोगी अत्यवस्थ झाले म्हणजे तेथे पदवी कोण विचारतो? त्यामुळे इस्पितळांनी दोघींना एकच काम दिले. कागदावरची विभागणी कागदावरच राहिली. आजच्या भांडणाचे बी तेथे पडले.

पुढे १९६५ साली अमेरिकन परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर केले, की व्यावसायिक परिचारिकेचे किमान शिक्षण म्हणजे चार वर्षांची पदवीच असली पाहिजे. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. इस्पितळे बदलत चालली होती. यंत्रे आली, औषधे वाढली, रोगी अधिक आजारी आणि मुक्काम कमी असा प्रकार सुरू झाला. डॉक्टर, वकील, शिक्षक सारे पदवीधर. मग परिचारिकेनेच खालच्या पाटावर का बसावे? हा अभिमानाचाही प्रश्न होता. तरी निर्णय अमलात आणणे कठीण गेले. नॉर्थ डाकोटा हे एकच राज्य असे निघाले, की १९८७ पासून त्याने पदवीची अट घातली. आणि २००३ साली त्यानेही ती काढून टाकली.

पण त्याच २००३ साली दुसरी एक गोष्ट झाली. लिंडा एकन या संशोधिका आणि त्यांचे सहकारी यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळांतील शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की ज्या इस्पितळात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा दहाने जास्त, तेथे रोगी तीस दिवसांच्या आत दगावण्याचा संभव शेकडा पाचने कमी. हे तेच पेनसिल्व्हेनिया, जेथे आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. आता, अशा अभ्यासातून दोन गोष्टी बरोबर चालतात एवढे दिसते. एकीमुळेच दुसरी घडते असे सिद्ध होत नाही. चांगल्या इस्पितळात पदवीधर नर्सा जास्त आणि इतर सोयीही जास्त, असेही असू शकते. अभ्यासकांनी आपल्या परीने तो फरक हिशेबात धरला होता. काही असो, या आकड्यांचा परिणाम मोठा झाला. २०१० साली अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय संस्थेने अहवाल दिला, की २०२० पर्यंत शेकडा ऐंशी परिचारिका पदवीधर व्हाव्यात. ते साल आले तेव्हा आकडा तेथवर पोचला नव्हता. परंतु हवा बदलली. मोठी इस्पितळे पदवीधरांनाच आधी घेऊ लागली. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की नव्या परिचारिकेने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी घेतलीच पाहिजे.

आता आमच्या शेजारीणबाईंची गोष्ट. त्यांचे आईवडील मेक्सिकोतून आले, फळबागांत मजुरी केली. बाई घरातल्या पहिल्या शिकलेल्या. तीन मुले झाल्यावर गावच्या कॉलेजात नर्सिंग केले, परवाना मिळवला, आणि अकरा वर्षे रात्रपाळी करीत होत्या. त्यांच्या हाताखाली नव्या पदवीधर मुली शिकून तयार होत. परंतु वॉर्डच्या मुख्य परिचारिकेची जागा निघाली, की अर्जावर पहिला रकाना पदवीचा. राज्याचे विद्यापीठ साठ मैलांवर. जागा थोड्या, आणि वर्ग यांच्या झोपेच्या वेळी. घरबसल्या शिकवणारी खासगी कॉलेजे होती, पण त्यांची फी ऐकून बाई म्हणाल्या, "एवढ्यात धाकट्याचे शिक्षण होईल." आणि घरापासून दहा मिनिटांवर त्यांचे जुने कॉलेज उभे! तेच वर्ग, तेच शिक्षक, पण पुढची दोन वर्षे शिकवण्याची त्याला परवानगी नाही.

हे ऐकताना मला माझे दिवस आठवले, हे सांगितले नाही तर भाषण अपुरे राहील. मी डिप्लोमाची परिचारिका. एकोणीस वर्षांची नोकरी झाली, तेव्हा आमच्या इस्पितळात शिकवणाऱ्या सिस्टरची जागा निघाली. विद्यार्थिनींना मी तशीही रोज शिकवीतच होते. पण जागेला पदवी हवी होती. पदवीचा वर्ग मुंबईला. घरी दोन मुले शाळेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. यजमान म्हणाले, "जा, काहीतरी करू." पण करणार काय? मी गेले नाही. ती जागा एका मुलीला मिळाली. मुलगी चांगली होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. फक्त एवढेच मनात येई, की पदवी मला झेपली नसती असे नव्हते. मुंबई झेपली नसती.

आता अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांनी या प्रश्नाचे काय केले, ते थोडक्यात सांगते.

फ्लॉरिडाने २००१ साली आधी पाऊल टाकले. सेंट पीटर्सबर्ग ज्युनिअर कॉलेज हे १९२७ सालचे जुने कॉलेज; त्याला कायद्याने पदवी देण्याची मुभा मिळाली, आणि पहिल्या पदव्यांत नर्सिंगची होती. पुढे 'ज्युनिअर' हा शब्द त्याने नावातून काढून टाकला. वॉशिंग्टन राज्याने २००५ साली थोड्या कॉलेजांना प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि ब्रेमर्टन गावच्या ऑलिंपिक कॉलेजने २००७ मध्ये, आधीच परवाना असलेल्या परिचारिकांसाठी पदवीचा वर्ग सुरू केला. कोलोरॅडोने २०१८ साली असाच कायदा केला. मिशिगनची कथा निराळी. तेथे २०१२ साली कम्युनिटी कॉलेजांना पदवीची परवानगी मिळाली, परंतु कोणत्या विषयांत? काँक्रीटचे तंत्र, जहाजाचे तंत्र, वीजनिर्मितीचे तंत्र आणि पाककला! नर्सिंगवर एकमत झाले नाही, म्हणून ते वगळले. पुढे २०२२ साली त्या राज्याने दुसरी वाट काढली: कॉलेजांना पैसे दिले, आणि विद्यापीठांशी हातमिळवणी करून विद्यार्थिनींची पदवी पुरी करून द्यावी असे सांगितले.

कॅलिफोर्नियात तर हा वाद अजून तापलेला आहे. तेथे १९६० सालापासून उच्च शिक्षणाची एक मोठी आखणी आहे. संशोधन आणि डॉक्टरेट एका विद्यापीठाकडे, पदव्या मुख्यत्वे दुसऱ्या राज्य विद्यापीठाकडे, आणि पहिली दोन वर्षे व धंदेशिक्षण कम्युनिटी कॉलेजांकडे. एकत्र कुटुंबात तीन जावांनी कामे वाटून घ्यावीत, तसे हे. व्यवस्था चांगली, पण वाटणी करून साठ वर्षे लोटली, घरातली माणसे वाढली, तरी चुलीजवळ धाकटीने यायचे नाही म्हटले म्हणजे कुरबूर होणारच! २०१४ च्या कायद्याने पंधरा कॉलेजांना एकेक पदवी प्रयोगादाखल देण्याची मुभा मिळाली. २०२१ साली ही योजना कायमची झाली. अट एवढीच, की जी पदवी राज्य विद्यापीठ देते तीच कॉलेजने द्यायची नाही. या अटीत नर्सिंग अडकले. बेकर्सफील्डच्या कॉलेजला कारखान्यातील स्वयंचलित यंत्रांची पदवी देता आली, फूटहिल कॉलेजला दातांच्या निगेची देता आली, परिचारिकेची मात्र नाही. २०२४ साली दोन विधेयके आली. थोड्या कॉलेजांना नर्सिंगची पदवी प्रयोग म्हणून देऊ द्यावी, एवढेच त्यांत मागितले होते. विधिमंडळाने ती मंजूर केली, आणि गव्हर्नर न्यूसम यांनी दोन्ही नाकारली. कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी आधी आपसांत सहकार्य वाढवावे, असा त्यांचा रोख होता. २०२५ मध्ये तशाच आशयाचे विधेयक पुन्हा मांडले गेले. तेव्हा प्रश्न मिटला असे समजण्याचे कारण नाही.

विरोध करणारे काही दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, टंचाई आहे ती शिक्षकांची आणि रुग्णशय्यांची. परिचारिका वर्गात बसून होत नाही. तिला इस्पितळात हाताने काम करून शिकावे लागते, आणि एका वॉर्डात किती विद्यार्थिनी उभ्या करणार? नवा वर्ग काढला तर तो जुन्या वर्गाच्याच शिक्षिका आणि जुन्याच खाटा ओढून घेईल. २०२१ साली अमेरिकेतील पदवीच्या व त्यावरच्या नर्सिंग वर्गांनी पात्र उमेदवारांचे ९१,९३८ अर्ज परत पाठवले. त्याची मोठी कारणे शिक्षक, जागा आणि इस्पितळातील प्रशिक्षणाची सोय यांची कमतरता हीच होती. दुसरा आक्षेप असा, की कॉलेज पदवीच्या मागे लागले म्हणजे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या आजीबाईंकडे त्याचे लक्ष राहणार नाही. तिसरा, की पदवी स्वस्त झाली म्हणजे तिचा कसही उतरेल.

पहिल्या दोन आक्षेपांत वजन आहे. शिक्षिकेचा पगार वॉर्डातल्या परिचारिकेपेक्षा कमी असेल, तर शिकवायला कोण येणार? हा प्रश्न सोडवल्याशिवाय नुसता कायदा करून पदवीधर निपजत नाहीत. पण येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या बाईने दोन वर्षांचा अभ्यास पुरा केला, परवाना घेतला, आणि जी रोज वॉर्डात उभीच आहे, तिला पुढच्या दोन वर्षांत पूर्वीइतकी खाट नको असते. तिला हवे असते संशोधन वाचण्याचे शिक्षण, समाजाच्या आरोग्याचे शिक्षण, चार माणसांकडून काम करून घेण्याचे शिक्षण. हे गावच्या कॉलेजात देता येते. म्हणूनच वॉशिंग्टनसारख्या राज्याने परवाना असलेल्या परिचारिकांपासून सुरुवात केली, ते शहाणपणाचे झाले.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. स्वस्त म्हणजे हलके, हा न्याय भाजीलाही लागत नाही; हंगामातली भाजी स्वस्त असते आणि चांगलीही असते. हिशेब पाहा. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे आज ज्या विषयांत पदवी देतात, तेथे खालच्या साठ युनिटांना दर ४६ डॉलर आणि वरच्या साठांना १३० डॉलर. बेरीज होते १०,५६० डॉलर, चारही वर्षांची. एवढ्यात पदवी मिळाली म्हणून तीत उणे काय? कस पाहायचा तो अभ्यासक्रमाच्या तपासणीत, शिक्षकांच्या पात्रतेत, आणि शेवटी रोग्याच्या खाटेपाशी.

माझे मत विचाराल, तर ते असे. एकीकडून समाज म्हणतो, परिचारिके, तू पदवी घे, त्याने रोग्याचे प्राण वाचतात. आणि दुसरीकडून पदवीचे दार अशा ठिकाणी बांधतो, की रात्रपाळी करणाऱ्या, लेकुरवाळ्या बाईला तेथे पोचताच येऊ नये. ही दोन्ही बोलणी एकाच तोंडाने करता येत नाहीत. अट घालायची असेल तर वाट द्या. वाट विद्यापीठाने गावात येऊन दिली तरी चालेल. कॉलेज आणि विद्यापीठ यांनी मिळून दिली, म्हणजे मुलीने एकाच वेळी दोन्हीकडे नाव घालून शिकावे, अशीही सोय तिकडे काही ठिकाणी आहे, तीही उत्तम. पण जेथे विद्यापीठ येत नाही आणि सहकार्य नुसते बैठकीतच होते, तेथे गावच्या कॉलेजाला पदवी देऊ द्यावी. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. तपासणी विद्यापीठाला लागते तीच लागावी, सवलत नको. शिकवणाऱ्यांना पोटभर पगार द्यावा. आणि दोन वर्षांचा जुना दरवाजा बंद करू नये. कारण आमच्या शेजारीणबाई आत आल्या त्या त्याच दरवाजाने.

आता आपल्याकडे वळते. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. रमाबाई रानड्यांनी विधवा आणि निराधार बायकांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवले, तेव्हा लोकांनी काय कमी बोल लावले? भल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाची जखम धुवायची, ही कल्पनाच सहन होत नव्हती. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्याच विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज १९६४ साली मुंबईत सुरू झाले. बाईला शिकायचे असेल तर शिक्षणाने तिच्या सोयीने वागले पाहिजे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे आज परिचारिका होण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. तीन वर्षांचा जी.एन.एम. डिप्लोमा, किंवा चार वर्षांची बी.एस्सी. डिप्लोमावाल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अभ्यास करून पदवी घेता येते. आपल्या आळीत डिप्लोमा झालेल्या चार मुली-सुना मला ठाऊक आहेत. एक तर आज येथे पाणी वाटते आहे, तिने लाजू नये! त्यांना मी इतकेच सांगेन, की पुढची दोन वर्षे मनात ठेवा. आणि प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करा: कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, आणि प्रत्यक्ष शिकायला इस्पितळ कोणते व खाटा किती. जाहिरातीतील रंगीत इमारत पाहून पैसे भरू नका. मान्यतेचा कागद मागताना संकोच करू नका. आपण पाटल्या घेतानासुद्धा पावती मागतोच की.

आणि मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण दरवर्षी शिवणयंत्र देतो, ते चालू ठेवावे. त्याच्या जोडीला, शिकणाऱ्या सुनेची मुले संध्याकाळचे तीन तास मंडळाच्या या खोलीत सांभाळता येतील का, याचा विचार करावा. खोली तशीही पाचपासून आठपर्यंत रिकामी असते. आळीपाळीने दोघी-दोघी बसल्या, तर महिन्यातून एखाद-दुसरा दिवस वाट्याला येईल. मी माझे नाव आजच देते, आठवड्याचे दोन दिवस. बाईचे शिक्षण अडते ते बहुधा बुद्धीपाशी नाही. ते संध्याकाळच्या त्या तीन तासांपाशी अडते. कायदा करणे आपल्या हातात नाही, विद्यापीठ आपल्या हातात नाही. पण हे तीन तास आपल्या हातात आहेत.

सासवांनाही दोन शब्द. सून पुस्तक घेऊन बसली, की कुकरची शिट्टी आपण मोजावी. उद्या आपण आजारी पडू, तेव्हा उशाशी कोणीतरी शिकलेले माणूस असावे असे आपल्याला वाटेल. ते आकाशातून पडत नाही; कोणाच्या तरी घरातून, कोणीतरी वेळ काढून दिला म्हणूनच ते तयार होते.

फार वेळ घेतला. बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटला आहे आणि आपले लक्ष तिकडे आहे, हे मी इतकी वर्षे रोग्यांचे चेहरे वाचल्यामुळे ओळखते. ज्यांना आपले नाव त्या संध्याकाळच्या कामासाठी द्यायचे असेल, त्यांनी वडे खाण्यापूर्वी चिटणीसबाईंच्या वहीत लिहावे; नंतर विसरायला होते.